ठिकाणाचा रकाना

काही वर्षं मी शनिवार-रविवारी बोईसरमध्ये इराक शिकवत होते. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटतं, म्हणून आधीच सांगून टाकते. कारखान्यांतले वेल्डर, फिटर, क्रेन चालवणारे असे लोक एका एजंटाच्या कार्यालयामार्फत तिकडच्या कामांवर जात. जाण्याआधी त्यांना दोन दिवस त्या देशाची माहिती द्यायची, अशी तिथली पद्धत होती. मी शाळेत भूगोल शिकवते. एजंटाचा मुलगा माझा विद्यार्थी होता, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी कधी इराकला गेले नाही. पण मी अंटार्क्टिकाही शिकवते, तिथे कुठे गेले आहे.

वर्ग रंगाच्या दुकानावरच्या माडीवर भरायचा. फळ्यावर मी दोन नद्या काढायचे. टायग्रिस आणि युफ्रेटिस. वर उत्तरेला डोंगर, तिथे बर्फ पडतं, तिथे कुर्द लोक. मध्ये सपाटी, बगदाद. पश्चिमेला वाळवंट. खाली दोन्ही नद्या एकत्र येऊन आखाताला मिळतात, तिथे दलदल, खजुराची झाडं, तेल आणि बसरा शहर. उन्हाळ्यात पारा पन्नासला टेकतो. सुट्टी शुक्रवार-शनिवार. वीज जाते, गल्लीगल्लीत जनरेटर असतात. अरबी आणि कुर्दी या दोन राजभाषा, त्यातली एकही तुम्हाला येत नाही, तेव्हा हाताच्या खुणा करताना अंगठा दाखवू नका, ती शिवी समजतात.

राज्यकारभार सांगायला लागले की वर्ग पेंगायचा. राष्ट्रपती असतो, तो रिवाजाने कुर्द. पंतप्रधान शिया अरब, सगळी सत्ता त्याच्याकडे. संसदेचा अध्यक्ष सुन्नी अरब. एकदा वाणगावचा एक फिटर म्हणाला, "म्हंजे राष्ट्रपती सासरा झाला, बाई. मान त्याला, चावी सुनेकडे."

मागून एक बिहारी वेल्डर म्हणाला, "और हम कौन हुए?"

"तू गडी," फिटर म्हणाला. "तुला कोन विचारतंय."

सगळे हसले. मीही हसले. हे वाक्य पुढच्या प्रत्येक वर्गात मी वापरलं.

माझी दुसरी एक उपमा होती, ती माझी स्वतःची. कुर्दांचा भाग देशातच आहे, पण त्यांची वेगळी विधानसभा, वेगळा पंतप्रधान, वेगळं सैन्य, वेगळा झेंडा, हे कोणाच्या डोक्यात शिरायचं नाही. तेव्हा मी म्हणायचे, "आपला पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला की नाही? कचेऱ्या इथे आल्या, कलेक्टर वेगळा. तसंच समजा." हे लगेच कळायचं. माना हलायच्या. ठाण्याला खेपा घातलेली माणसं ती, त्यांना वेगळा जिल्हा म्हणजे काय ते नीट माहीत होतं.

फक्त एक गोष्ट मी सांगितली नाही, कारण मला ती माहीत नव्हती. पालघरहून ठाण्याला जाताना कोणी कागद विचारत नाही. तिथे विचारतात. त्या काळी कुर्दांच्या भागासाठी मिळालेला परवाना उरलेल्या इराकात चालत नसे. नाका ओलांडला की माणूस चोरून आलेला ठरायचा.

हे माझ्या लक्षात ज्या बाईने आणून दिलं, ती एका दुपारी शाळेत आली. मधली सुट्टी नुकतीच संपली होती. तारापूरच्या बाजूच्या एका मच्छीमार गावातली, पस्तिशीची, केसांत अबोलीचा गजरा, हातात मोठा फोन. बोंबील वाळत घालून थेट आली होती, हे सांगायची गरज नव्हती. मी शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासत होते.

"इराक शिकवता त्या बाई तुमीच काय?"

"शनिवार-रविवारी. इथे नाही."

"माजा माणूस तुमच्या वर्गात होता. वेल्डर. नाक वाकडं हाय त्याचं."

मला आठवला नाही. खरं सांगते, त्या वर्गातले चेहरे मला आठवतच नाहीत. दोन दिवस समोर बसायचे आणि मग फळ्यावरच्या त्या नकाशात कुठेतरी जायचे. मी फळा पुसायचे.

तिने सांगितलं ते असं. नवरा एर्बिलला गेला होता, कुर्दांच्या भागात. आठ महिने रोज फोन. मग तिथलं काम संपलं. मुकादमाने सांगितलं, दक्षिणेकडे काम आहे, दहा जण हवेत. तिने फोनवर विचारलं, परवाना चालेल काय तिकडे? तो म्हणाला, अगं, बाईंनी शिकवलंय ना, ठाणं-पालघर हाय ते.

ते त्याचं शेवटचं बोलणं.

"मी तसं म्हणाले होते," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

"त्याच्यासाठी नाय आली मी. भांडायला येळ नाय मला." तिने फोन पुढे केला. "हे ऐका."

बोलणं बंद झाल्यावर बारा दिवसांनी त्याच्या नंबरावरून आवाजाचे निरोप येऊ लागले होते. एकूण सहा. कोणी बोलत नव्हतं. तिने फोन केले तर कोणी उचलत नव्हतं. तिने लिहून पाठवलेलं वाचलं जात होतं, निळ्या खुणा उमटत होत्या, उत्तर मात्र नव्हतं. दहा-पंधरा दिवसांनी असाच एक निरोप यायचा, अर्ध्या मिनिटाचा.

मी पहिला ऐकला. जनरेटरची घरघर. बस.

दुसऱ्यात काचेच्या छोट्या ग्लासात चमचा फिरत होता आणि कोणीतरी म्हातारा माणूस खोकत होता. तिसऱ्यात पाण्याचा थेंब पत्र्यावर पडत होता आणि जवळ, अगदी फोनच्या तोंडाशी, कोणीतरी झोपेत श्वास घेत होतं. श्वासात बारीक शिट्टी होती.

"हा त्याचा," ती म्हणाली. "ल्हानपणी होडीत डोलकाठी बसली नाकावर, तवापासून असाच वाजतो. पंधरा वर्सं झाली माज्या कानाशी."

वर्गातून पाढ्यांचा आवाज येत होता. बाहेर लख्ख ऊन होतं. मी फोन टेबलावर उलटा ठेवला, तो पुन्हा सुलटा केला. झोपलेला माणूस स्वतःचा श्वास रेकॉर्ड करून पाठवत नाही, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. 

तिला माझ्याकडून हवं होतं ते वेगळं. नवऱ्याचा शोध घ्यावा म्हणून पालघरला कलेक्टर कचेरीत तिने अर्ज दिला होता. तिथला कारकून भला होता, पण म्हणाला, ताई, 'ठिकाण' या रकान्यात काय लिहू? एर्बिल लिहिलं तर कागद तिकडच्या, उत्तरेतल्या भारतीय कचेरीत जाणार, ते त्यांच्या भागात शोधणार. दुसरीकडे असेल तर बगदादला जायला हवा. तिने एर्बिलच लिहून दिलं होतं. दोन महिन्यांनी उत्तर आलं, या नावाचा माणूस आमच्या हद्दीतून गेलेला आहे.

"तुमी तो देश शिकवता," ती म्हणाली. "आवाजावरून सांगा, खंय हाय तो?"

मला उठून सांगावंसं वाटलं की बाई गं, मी पुस्तकातून शिकवते. पण तिथे चूक माझी होती. मी तिला रविवारी वर्ग संपल्यावर यायला सांगितलं.

ती आली, दुपारी चार वाजता. माडीवर आम्ही दोघीच. खालच्या दुकानात रंग हलवायचं यंत्र चालू होतं, फरशी बारीक थरथरत होती. मी नकाशा पसरला आणि आम्ही कामाला लागलो. जनरेटर सगळ्या देशात आहेत, ते बाद. चहाचे तसले ग्लास सगळीकडे, ते बाद. पाचव्या निरोपात लांबून बांग ऐकू येत होती, पण बांग अरबी असते, कुर्दांकडेही अरबीच. तेही बाद. मागे कोणी बोललं असतं तर निदान भाषा कळली असती. तिकडे माणसं होती, खोकत होती, चमचे वाजवत होती, आणि एक शब्द कोणाच्या तोंडून निघत नव्हता. सहा निरोपांत एक शब्द नाही. जणू बोलणं तेवढं गाळून घेतलं होतं.

चौथा आणि सहावा निरोप राहिले होते. दोन्हींत पाणी. मी म्हटलं, नदी असेल, टायग्रिस तर वरपासून खालपर्यंत आहे, काही उपयोग नाही.

तिने फोन कानाला लावला. चौथा ऐकला, मग सहावा, मग पुन्हा चौथा.

"ही नदी नाय."

"पाणी गोडं की खारं हे आवाजावरून कळतं का तुला?"

"खारं-गोडं नाय कळत. चढतंय का उतरतंय ते कळतं." तिने फोन माझ्या कानाला धरला. "होडी बांधलेली हाय. पाणी खालून भरतंय, होडी दोर ताणून वर उचलतेय, ऐका, टक, टक. दोर करकरतोय. आता हा सहावा. हितं पाणी ओढून निघालंय, होडी चिखलाला घासतेय. एक भरती, एक ओहोटी. तीच होडी, बाई. तोच दोर."

मला दोन्हींत पाणीच ऐकू येत होतं.

"नदीला भरती-ओहोटी कुठून येईल?" मी म्हटलं. भूगोलाच्या शिक्षिकेने हे विचारावं. आमच्या खाड्यांत मैल मैल आत पाणी चढतं, ते बघत मी मोठी झाले.

ती फक्त माझ्याकडे बघत राहिली, नापास पोराकडे मी बघते तशी.

मी नकाशावर बोट ठेवलं. दोन्ही नद्या एकत्र होतात, त्यानंतर आखातापर्यंत एकच रुंद पात्र. मी फोनवर शोधून वाचलं. त्या पात्रात आखाताची भरती चढते. खजुराच्या बागांत त्यासाठी चर खणलेले असतात, भरतीबरोबर पाणी आपोआप बागेत शिरतं आणि ओहोटीला परत निघून जातं. शेकडो वर्षांची पद्धत. इतकी वर्षं मी ते पात्र फळ्यावर एका रेघेत काढत होते, आणि बाण कायम खालच्या दिशेला.

"बसरा," मी म्हटलं.

"ल्हिवा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून अर्धी सुट्टी घेतली आणि तिच्याबरोबर पालघरला गेले. कारकुनाने विचारलं, आधार काय? मी सांगितलं, निरोपातले आवाज. त्याने पेन थांबवलं. मग ती म्हणाली, "माज्या माणसाचा मुकादम बोलला, असं ल्हिवा." कारकुनाने तसं लिहिलं. मी खाली सही केली. खोट्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायची माझी ती एकमेव वेळ.

त्यानंतर निरोप थांबले. एकदम. हा दुसरा अर्ज ज्या दिवशी दिला, त्या दिवसापासून. ती दर रविवारी वर्ग संपायच्या सुमारास येऊन जिन्यात बसायची, काही आलं नाही एवढं सांगायची आणि जायची. तिला सांगायला दुसरं कोणी नव्हतं असं नाही, सासू होती, दीर होते. पण गावात एव्हाना लोक तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले होते. समुद्रावरून न परतलेल्या माणसाच्या बायकोकडे बघतात तसं. तिने गजरा सोडला नाही. जास्तच मोठा माळायला लागली.

एजंटाकडे मी जाब विचारला. तो म्हणाला, "मॅडम, आपण एर्बिलला पाठवला. पुढे तो स्वतःच्या पायाने गेला." ते खरं होतं. त्याच्या पायांना कोणी सांगितलं हेही मला ठाऊक होतं. मी पुढच्या वर्गात परवान्याचं नीट सांगितलं, पुढच्या महिन्यात काम सोडलं.

पावसाळा उतरताना तो सापडला. बसऱ्याच्या खाली, नदीकाठच्या एका गोदीत, जिथे जुन्या नावा तोडतात. परवाना नाही, पासपोर्ट मुकादमाने नेलेला, त्यामुळे बाहेर पडायची सोय नव्हती. बगदादहून कागद हलले, कोणीतरी तिथे जाऊन विचारलं, आणि तीन आठवड्यांत तो घरी आला. दहातले बाकीचे वाटेतच वेगवेगळ्या गाड्यांत बसवले होते. ते कुठे उतरले, त्याला माहीत नाही.

तिने मला घरी बोलावलं. सकाळी दहाची वेळ. अंगणात बांबूंवर बोंबील लटकत होते, त्यांच्या खाली सावल्यांच्या रेघा. तो खुर्चीत बसला होता. वाळला होता, पण धडधाकट. नाक वाकडं. आता मला तो आठवला, दुसऱ्या बाकावर खिडकीकडे बसायचा, सगळं वहीत उतरवून घ्यायचा.

"माझं चुकलं," मी म्हटलं.

"तुमी काय, बाई. आमालाच घाई." मग हसला. "पण ठाण्याला जाताना आता चार येळा इचार करीन."

बायको चहा घेऊन आली. "ठाण्याला काय, नाक्यापर्यंत नाय सोडत मी याला," ती म्हणाली. तिने फोन काढून त्याच्या मांडीवर ठेवला. "हे बाईंसमोर इचारायचं ठेवलंय. हे तू का पाठवत व्हतास? बोलला का नायस?"

त्याने फोनकडे पाहिलं. "काय पाठवलं?"

तिने पहिला लावला. घरघर सुरू झाली. तो ऐकत होता. दुसरा लावला.

"हा म्हातारा स्वयंपाकी," तो म्हणाला. "असाच खोकायचा. हे कोनी काढलं?"

"तूच."

"मी कसा काढीन? फोन नाक्यावरच घेतला ना मुकादमाच्या माणसांनी. एर्बिलच्या नाक्यावर, पिशवीत टाकून घेतले सगळ्यांचे. पासपोर्ट पन. परत काय दिलं नाय. मी गोदीत गेलो तो हात हलवत."

मी म्हटलं, कोणी तुझा फोन विकत घेतला असेल, तिथल्याच कोणी. त्याने मान हलवली. असेल. मग पाण्याचे दोन निरोप लावले. त्याने लगेच सांगितलं, गोदीच्या मागची नाव, निळी, तिचा दोर कुजका होता, रात्रंदिवस वाजायचा. बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत जरा ऐट होती, आणि ती तिने कमावलेली होती.

मग तिने तिसरा लावला. थेंब, पत्रा, आणि तो शिट्टीचा श्वास.

त्याने तो पूर्ण ऐकला. अंगणातली मांजर बोंबलाखालून पलीकडे गेली.

"ही माजी खोली," तो म्हणाला. "पानी ठिबकायचं कुलरातनं, खाली पत्रा होता. पन तिथं मी एकलाच असायचो."

"कोणी आत येऊन गेलं असेल," मी म्हटलं. "तू झोपला होतास."

"संध्याकाळी बाहेरनं कडी लावायचे, बाई. कुलूप नव्हतं, जाड साखळी होती. उघडली की तिच्या आवाजानं सगळी गोदी जागी व्हायची."

मी चहा प्यायले. मला एवढंच सुचत होतं की कुलर गोदीत अनेक असतील, पत्रेही असतील, आणि वाकडं नाक जगात एकाच माणसाचं नसतं. हे मी बोलून दाखवलं. तो हो म्हणाला. त्याने फोन मांडीवरून उचलून ओट्यावर ठेवला, जरा लांब.

बायको मात्र उभीच होती. तिने पदराला हात पुसले, फोन उचलला, त्याच नंबरावर निरोप बोलायला अंगठा दाबून धरला आणि नेहमीच्या आवाजात, शेजारणीला सांगावं तसं बोलली.

"माजा माणूस घरी आलाय. तू कोन हायस म्हाईत नाय मला. तुजे उपकार हायत. आता इकडे नको पाठवूस. तुजी बायको असेल, आई असेल, तिला कळव."

अंगठा उचलला. निरोप गेला. आम्ही तिघंही बघत होतो. खुणा निळ्या झाल्या.

नवरा म्हणाला, "कशाला बोललीस?"

"मग काय करू? त्याचं कोन असेल का नाय?"

दोन मिनिटं गेली असतील. फोन वाजला. चार सेकंदांचा निरोप होता. तिने तो कानाला लावला, मग माझ्या कानाशी धरला. घरघर नव्हती, पाणी नव्हतं. एका माणसाने घसा साफ केला. पुष्कळ दिवसांनी बोलणारा माणूस करतो तसा, दोनदा. मग निरोप संपला.

तिचा नवरा माझ्यासमोर बशीतून चहा पीत होता.

त्यानंतर त्या नंबरावरून काही आलेलं नाही. तिने तो पुसला नाही. बाजारात भेटते तेव्हा मी विचारायच्या आधीच ती सांगते, "नाय अजून." आणि मग म्हणते, "बोलेल. लाजत असेल."